हललेला जॉइंट

पारखी कारखान्यात आली तेव्हा तिला काहीच येत नव्हतं.

फ्रीजएवढी पांढरी पेटी, पुढे काचेचं छोटं दार, आत सर्किट बोर्ड ठेवायला सरकता ट्रे. बनवणाऱ्यांनी दिलेलं तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. पण गुणवत्ता विभागाचे प्रमुख बागवानसाहेब सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "आता जॉइंटची पारख ही करणार," आणि चहाची सुट्टी होईपर्यंत तिची पारखी झालेली होती.

"एवढी मोठी दिसती, पण साहेब, हिला येतंय काय?" हातकामाच्या लाइनवरच्या स्वप्नाली चौगुलेनं विचारलं.

"अजून काही नाही. शिकवावं लागणार."

"कोण शिकवणार?"

"मगदूम मॅडम."

"आँ? म्हणजे आमची सानिका पारखीची बाई!" स्वप्नाली हसत सुटली. "सानू, छडी घे गं हातात. पहिल्याच दिवशी डोक्यावर बसू द्यायचं नाही पोराटकीला."

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना दवाखान्यातल्या यंत्रांचे बोर्ड बनवायचा. थेंबाथेंबानं औषध सोडणारे पंप, कमी दिवसांच्या बाळांना ठेवायच्या पेट्या, असल्या यंत्रांचे. बोर्डावरचे तिळाएवढे भाग यंत्रंच बसवायची. पण जाड तारा आणि मोठे कनेक्टर अजूनही हातानंच सोल्डर करावे लागत, आणि त्यासाठी निळे कोट घातलेल्या, मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधलेल्या बायकांची एक लांब रांग बसायची. सानिका मगदूम त्यांचे जॉइंट तपासायची. ती जयसिंगपूरची, फिजिक्सची पदवीधर. आणि स्वप्नाली चार नंबरच्या टेबलावरची, लाइनवरची सगळ्यात जुनी. नव्या मुलींना शिकवायच्या खोलीत नमुना म्हणून जे जॉइंट काचेखाली ठेवले होते ते स्वप्नालीच्या हातचे होते.

सानिका राहायचीही तिच्याकडेच, कणेरीवाडीला, वरच्या मजल्यावरच्या खोलीत; खाली स्वप्नाली, तिचा नवरा महेश, मुलगी आणि सासूबाई. भाड्यानं राहायला आली होती. महिन्याभरात तिचं जेवण खाली हललं आणि दोघी एकाच स्कूटरवरून कामाला जाऊ लागल्या. स्वप्नाली अस्सल कोल्हापूरची. तिथल्या कितीतरी बायकांसारखी तीही स्वतःबद्दल बोलताना "मी जातो, मी करतो" असंच म्हणायची. सुरुवातीला सानिकाला त्याची गंमत वाटायची. नंतर दुसऱ्या कुणी "मी जाते" म्हटलं की ते नाजूक वाटायला लागलं.

हातानं सोल्डर करणं बघायला सोपं असतं. तार कनेक्टरच्या खोबणीत धरायची, उजव्या हातातल्या आयर्नच्या टोकानं दोन्ही तापवायचं, सोल्डर लावायचं, ते वितळून सगळीकडे पसरलं की आयर्न उचलायचं. खरी परीक्षा त्यानंतर. पातळ धातू गोठेपर्यंत डाव्या हातातल्या चिमट्यानं तार तसूभरही न हलवता धरून ठेवायची. तार जाड असेल तर त्याला दोन-तीन सेकंद लागतात. बघणाऱ्याला वाटतं, बाई नुसतीच बसलीय.

यात दोन चुका नेहमीच्या. उष्णता कमी पडली तर सोल्डर नीट पसरत नाही, वर गोळा होऊन बसतं; तो कोल्ड जॉइंट. आणि गोठता गोठता तार हलली तर जॉइंट आतून खरबरीत, कच्चा राहतो. तो हललेला जॉइंट. दोन्ही आज चालतात आणि काही महिन्यांनी दगा देतात, बहुधा एखाद्या बाळाची पेटी चालू असताना. वरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात, मंद, राखेच्या रंगाचे. पूर्वीचं शिसं घातलेलं सोल्डर चांदीसारखं चमकायचं, त्यामुळे बिघाड लगेच नजरेत भरायचा. शिसं बंद झाल्यापासून चांगला जॉइंटही थोडा मंदच असतो.

पारखी वेगळ्या तऱ्हेनं बघायची. ती अनेक कोनांतून प्रकाश टाकायची, एक्स-रे काढायची आणि धातूतल्या स्फटिकांची रचना मांडायची. धातू गोठतो म्हणजे त्यात स्फटिक वाढत जातात. दुधावर साय धरत असताना पातेल्याला धक्का लागला तर सायीला सुरकुती पडते आणि ती तशीच राहते, तसंच इथं. प्रत्येक हादऱ्याची एक लहर धातूत उमटते. लहरींमधलं अंतर मोजलं की हात किती वेगानं हलला तेही कळतं. म्हणजे जॉइंट गोठत असतानाची हालचाल त्या इवल्याशा धातूत कायमची कोरलेली असते. आजवर ती वाचणारं कुणी नव्हतं, इतकंच.

पारखीला लहरी दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. तो सानिकानं सांगायचा. पडद्यावर एकेक चित्र यायचं, खाली बटणं असायची: चांगला, कोल्ड, हललेला आणि बाकीचे दोष. सानिका चित्र बघून बटण दाबायची. अशी हजारो चित्रं झाली की पारखी आपल्या आपण ओळखू लागणार होती.

काम कंटाळवाणं होतं, आणि सानिकाला मनापासून आवडत होतं. डोळ्यांनी कधीच न दिसलेल्या गोष्टी ती बघत होती. कुणाचा हात घाईचा, कुणी सोल्डर जास्त घालतं, कुणाचा जेवणानंतरचा पहिला जॉइंट हमखास बिघडतो. मग एकदा चार नंबरच्या टेबलाची चित्रं आली.

लहरी होत्या. बारीक, एकसारख्या, जवळजवळ. कंगव्याचे दात जसे.

तिनं पुढचं चित्र उघडलं. तिथंही. त्यापुढचा जॉइंट स्वच्छ होता. मग पुन्हा लहरी.

सानिकानं काचेतून लाइनकडे बघितलं. स्वप्नाली काम करत होती. उजव्या हातातलं आयर्न खिळा ठोकल्यासारखं स्थिर. डाव्या हातातला चिमटाही स्थिरच दिसत होता. कोपर तिनं टेबलाच्या कडेला घट्ट दाबून धरलं होतं. पूर्वी ती तसं करायची का, ते सानिकाला आठवेना.

थकली असेल, तिनं मनाशी म्हटलं. स्वप्नालीच्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सगळी उसाभर हिच्याच गळ्यात, झोप अर्धवट. थकलेला हात थरथरणारच.

बटणांवर तिचं बोट थांबलं. कारखान्याचा नियम सरळ होता. कोल्ड जॉइंट हा आयर्नचा दोष. मग मेंटेनन्सचे पोवारमामा येऊन त्याची टिप, म्हणजे पुढचं टोक, बदलायचे. हललेला जॉइंट हा हाताचा दोष; असे वरचेवर आले तर बाईची पुन्हा परीक्षा, आणि तीत ती नापास झाली तर पॅकिंगला. आदल्याच वर्षी लाइनवरची शांता जाधव पॅकिंगला गेली होती. पगारात फारसा फरक पडला नाही. पण डबा खायला ती लाइनवरच्या बायकांत परत कधी बसली नाही. स्वप्नालीचे जॉइंट काचेखाली ठेवलेले होते. तिला खोकी चिकटवताना बघायचं?

सासूबाई बऱ्या झाल्या की हात आपोआप ठीक होईल. तोवरचाच प्रश्न आहे.

सानिकानं "कोल्ड"चं बटण दाबलं. पुढच्या चित्रालाही.

पोवारमामा टिप बदलून गेले. थोड्या दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा बदलून गेले. तिसऱ्यांदा मात्र ते वैतागले. "चौगुलेबाई, टिपा चावून खाताय काय तुम्ही? चार नंबरला मी आयर्नच्या जागी गॅसची शेगडी आणून ठेवतो आता."

"ठेवा की. वर भाकरी पण भाजतो मी," स्वप्नालीनं ऐकवलं. लाइन हसली.

त्याच आठवड्यात डबा खाताना स्वप्नालीनं विषय काढला. कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मुली सोल्डरबरोबर जळणाऱ्या फ्लक्सच्या धुराच्या नावानं बोटं मोडत होत्या, डोकं उठतं म्हणून.

"मला तर कायच वास येत नाही आता," स्वप्नाली म्हणाली. "नाकाला सवय झाली. फोडणी करपली तरी कळत नाही, महेश ओरडतो तेव्हा कळतं." मग भाकरीचा तुकडा मोडत, सानिकाकडे न बघता तिनं विचारलं, "सानू, पारखी काय म्हणती गं माझ्याबद्दल?"

"काय म्हणणार? तुझं आयर्न गार पडतंय म्हणते."

"आयर्न?"

"हो. कोल्ड जॉइंट येताहेत. हाताचा काही प्रश्न नाही."

"नक्की?"

"मशीन आहे ताई ते. उगीच कशाला सांगेल?"

स्वप्नालीनं तोंडातला घास गिळला. तिचे खांदे किंचित खाली आले, ओझं उतरवल्यासारखे. "असं होय," ती म्हणाली, आणि सानिकाच्या डब्यातला लोणच्याचा खार बोटानं पुसून घेतला. सानिकाला बरं वाटलं. आपण एका माणसाची काळजी मिटवली, असं.

सासूबाई बऱ्या झाल्या नाहीत, वारल्या. दिवसपाणी झालं, स्वप्नाली कामावर आली, रात्रीची झोप नीट होऊ लागली. लहरी गेल्या नाहीत. उलट दाट झाल्या. पण तोवर सानिकाला बटण दाबायची गरजच उरली नव्हती. पारखी शिकली होती. चार नंबरचं चित्र आलं की ती आपल्या आपणच "कोल्ड" म्हणायची, आणि बरोबर असल्याची खात्री शंभरात अठ्ठ्याण्णव दाखवायची. बागवानसाहेबांनी पाठ थोपटली. कोल्हापूरच्या पारखीला सगळ्यात जास्त कळतं म्हणून तिची शिकवणी उतरवून घेऊन कंपनीच्या दुसऱ्या एका कारखान्यातल्या पारखीतही घातली गेली.

सानिकानंही मग चार नंबरची चित्रं उघडून बघणं सोडलं.

दोन वर्षं अशीच गेली. त्यातल्या पहिल्याच वर्षी कंपविकारावरचं नवं औषध बाजारात आलं. त्यावर सगळीकडे बोललं गेलं, कारण याआधीची औषधं नुसता त्रास कमी करायची, हे आजारालाच थांबवत होतं. मेंदूच्या तळाशी काही पेशी असतात. हालचाल सुरळीत ठेवणारं एक रसायन त्या बनवतात. कंपविकारात त्या एकेक करून मरत जातात. नवं औषध उरलेल्यांना वाचवायचं. मेलेल्यांना मात्र परत आणू शकत नव्हतं. आणि अडचण अशी, की हात उघड थरथरताना दिसू लागतो तोवर निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. तेव्हा औषध सुरू केलं तर फारसं हाती लागत नाही. त्याआधी, कंप डोळ्यांना दिसत नसताना सुरू केलं, तर माणूस जन्मभर जवळजवळ धडधाकट राहतो.

डोळ्यांना न दिसणारा कंप. सेकंदाला चार ते सहा हेलकावे. हात एका जागी धरून ठेवला की उमटणारा.

पारखी बनवणाऱ्यांच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी आपल्या सगळ्या यंत्रांत एक सोय वाढवली. एखाद्या हाताचे हललेले जॉइंट त्या ठराविक तालात सारखे येऊ लागले, तर पारखी फक्त त्या माणसाला आणि कारखान्याच्या डॉक्टरला गुपचूप कळवायची. देशभरातल्या वेगवेगळ्या कारखान्यांत काही जण असे सापडले. वेळेवर सापडले. त्यांच्यातला एक जण तर सव्वीस वर्षांचा होता.

"आपल्याकडं एक पण नाही!" बागवानसाहेबांनी मीटिंगमध्ये अहवाल फडकावला. "शून्य! कोल्हापूरचं दूध आहे म्हटलं हे, चेष्टा नाही."

सगळे हसले. सानिकाही हसली, आणि मधेच थांबली. सकाळीच स्वप्नाली तिच्यापुढे चालत होती. उजवा हात मागेपुढे हलत होता. डावा अंगाला चिकटून, टांगल्यासारखा. गेले काही महिने तो तसाच असायचा. खांदा आखडलाय असं ती सांगायची, आणि महेशदादा रोज तेल चोळून द्यायचे.

मीटिंग संपल्यावर सानिकानं जुनी चित्रं उघडली. चार नंबर. अगदी पहिल्यापासून. लहरींमधलं अंतर मोजलं, गोठण्याच्या वेळेशी ताडून बघितलं. सेकंदाला पाच. दुसरं चित्र, सेकंदाला पाच. तिनं मोजणं थांबवलं, मग पुन्हा मोजलं, कारण आकडे बदलतील अशी वेडी आशा वाटत होती. पारखी आंधळी नव्हती. तिला पहिल्या महिन्यापासून सगळं दिसत होतं. दिसेल ते काय आहे हे तिनं सानिकाला विचारलं होतं, आणि सानिकानं उत्तर दिलं होतं.

त्या आठवड्याच्या शेवटी, हात उघड थरथरू लागला म्हणून, महेशदादा स्वप्नालीला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या, मेंदूचं चित्र निघालं. कंपविकार. डॉक्टर चांगला होता, समजावून सांगत होता. नव्या औषधाबद्दल महेशदादांनीच विचारलं. देऊन बघू, तो म्हणाला, पण फार अपेक्षा ठेवू नका. दीड-दोन वर्षं आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

घरी आल्यावर हे वाक्य स्वप्नालीनं दोनदा सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे. नवी माहिती मिळाल्यासारखं.

सानिका गप्प बसू शकली असती. लेबल कुणी लावलं हे बघायला कुणी जाणार नव्हतं. पण पारखी अजून चुकीचंच शिकलेली होती. इथल्या रांगेतल्या आणि त्या दुसऱ्या कारखान्यातल्या प्रत्येक हाताला ती "आयर्न गार आहे" असंच सांगत राहणार होती. ती बागवानसाहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मगदूम, हे काम देताना तुझी चाचणी मी घेतली होती. डोळे मिटून तुझ्यावर विश्वास टाकला."

"हो सर."

"खरं म्हणजे तुला घरी बसवायला पाहिजे. पण मग परत शिकवणार कोण? दोन्हींतला फरक कळणारं दुसरं कोण आहे इथं?" त्यांनी चष्मा परत चढवला. "आणि ती चित्रं आता नुसती जॉइंटची राहिली नाहीत. ती तिच्या आजाराची नोंद झाली. नव्या नियमानं ज्याचा हात त्याची परवानगी लागते. जा, विचार तिला. मी विचारणार नाही."

स्वप्नाली स्वयंपाकघरात जमिनीवर शेंगा फोडत बसली होती. उजव्या हातानं. डावा हात तिनं मांडीखाली दाबून ठेवला होता. महेशदादा मुलीला क्लासहून आणायला गेले होते.

"ये, बस. दाणे खा," ती म्हणाली.

सानिका बसली. दाणे घेतले नाहीत. "ताई, पारखीला कळलं होतं."

"काय?"

"तुझा हात. पहिल्यापासून. तुझ्या जॉइंटवर लहरी होत्या. ते कोल्ड नव्हते, हललेले होते. मी त्यांना कोल्ड लावत गेले. म्हणून तीही तेच शिकली."

शेंग फुटल्याचा आवाज झाला. स्वप्नालीनं दाणे परातीत टाकले. "का लावलंस?"

"तुला पॅकिंगला पाठवलं असतं. मला वाटलं तू थकलीयस. आजींच्या आजारपणामुळं."

"म्हणजे मला वाचवायला."

सानिकानं समोरची टरफलं गोळा केली.

"मला ठाऊक होतं," स्वप्नाली म्हणाली.

"मी कोल्ड लावतेय ते?"

"ते कसं ठाऊक असणार? हाताचं ठाऊक होतं." तिनं मांडीखालचा हात बाहेर काढून परातीच्या काठावर ठेवला. दाणे भरलेली परात बारीक किणकिणू लागली. "तेव्हा हे असं दिसत नव्हतं. पण चिमटा धरला की आत, हाडात, मोबाइल थरथरल्यागत व्हायचं. म्हणून तर कोपर दाबून बसायचो मी. महेशला सांगितलं नव्हतं. म्हटलं, आधी दाखवून येऊ. डॉक्टरकडं नंबर लावला होता, सानू. गुरुवारचा."

सानिकानं मान वर केली.

"बुधवारी तुला कँटीनमध्ये विचारलं, पारखी काय म्हणती. तू म्हणालीस, आयर्न गार आहे, हाताचा प्रश्न नाही. मी परत विचारलं, नक्की? म्हटलं, माणसाला भास होईल, मशीनला कसा होईल. फोन करून नंबर रद्द केला." तिनं एक शेंग उचलली आणि परत ठेवली. "इतकं हलकं वाटलं होतं मला त्या दिवशी. येताना जिलेबी आणली होती घरी."

ती जिलेबी सानिकानंही खाल्ली होती.

"ताई..."

"वर जा तू आता."

"ताई, एकदा ऐक. तू परवानगी दिलीस तर पारखीला परत शिकवता येईल..."

"मी ओरडत नाही तुझ्यावर. मला ओरडायला पण येत नाही आज. पण वर जा."

त्यानंतर स्वप्नाली तिच्याशी कामापुरतं बोलत राहिली. पाण्याची टाकी भरलीय का, वीजबिल आलंय का. जेवण वर पाठवलं जाऊ लागलं, झाकलेल्या ताटात, मुलीच्या हाती. ताटात कधी काही कमी नसायचं. सानिका कारखान्याच्या बसनं जाऊ लागली. परवानगीचं पुन्हा विचारायचं तिला धाडस झालं नाही.

मग एका दुपारी स्वप्नाली आपणहून कारखान्यात आली. रजेवर होती, साध्या साडीत. बागवानसाहेब उठून उभे राहिले. तिनं सही केली, उजव्या हातानं, आणि म्हणाली, "माझी एक अट आहे. बटणं मी दाबणार."

"चौगुलेबाई, हजारभर चित्रं आहेत."

"असू देत की. मला आता दुसरं काय काम आहे?"

सानिकानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. पहिलं चित्र उघडलं. पडद्यावर तो जॉइंट ताटाएवढा मोठा झाला होता, करड्या डोंगरासारखा, आणि त्याच्या उतारावर एकसारख्या लहरी. स्वप्नाली पुढे वाकली. आपल्या शरीराच्या आतलं असं काही तिनं आजवर बघितलं नव्हतं.

"ह्या रेघा होय?"

"हो."

"नांगरटीगत दिसतंय." तिनं "हललेला"चं बटण दाबलं. "पुढचा."

पुढचा. त्यापुढचा. ती भराभर दाबत गेली. मधेच थांबली. "हा नाही. इथं रेघा नाहीत, सोल्डरच पसरलं नाही. हा खरा कोल्ड आहे. बघ, एखादी टिप तरी पोवारमामांनी खरोखर वाईट बसवली होती." ती हसली, आणि सानिकाला हसावं की नाही ते कळेना. स्वप्नालीचं हसू आपलं आपणच विरलं.

दुसऱ्या दिवशीही ती आली, तिसऱ्याही. दोघी शेजारी बसायच्या. चित्रं महिन्यांच्या क्रमानं होती, त्यामुळे लहरी कशा खोल होत गेल्या तेही क्रमानंच दिसत होतं. अमुक ठिकाणी औषधानं सगळं थांबलं असतं, अमुक ठिकाणीही थांबलं असतं, आणि इथून पुढे नाही. ते कुणी बोलत नव्हतं. काही चित्रांवर स्वप्नालीचं बोट बटणावर जास्त वेळ राहायचं. सानिकाची नजर मग खाली, टेबलावर जायची.

"हे झाल्यावर बाकीच्यांचं कळेल ना नीट?" एकदा स्वप्नालीनं विचारलं.

"कळेल."

"त्या दुसऱ्या कारखान्यातल्यांचं पण?"

"त्यांचंही."

स्वप्नालीनं मान हलवली आणि पुढचं चित्र मागितलं.

ते चित्र पहिल्या वर्षाच्या अखेरचं होतं. आजूबाजूचे सगळे जॉइंट लहरींनी भरलेले असताना मधेच हा एक आला होता. तारेच्या कडेपासून कनेक्टरच्या काठापर्यंत धातू एका सलग उतारानं गेलेला, कुठं खाच नाही, उंचवटा नाही, आतले स्फटिक सगळे एका दिशेनं निवांत वाढलेले. त्या दोन-तीन सेकंदांत हात कसा कोण जाणे अगदी शांत राहिला होता.

स्वप्नाली बघत राहिली. "याला काय लावायचं?"

"याला चांगला लावायचं, ताई. तो चांगला आहे."

"होय ना? चांगला आलाय." सानिकानं पुढच्या चित्रासाठी हात नेला, तेव्हा स्वप्नालीनं तिचं मनगट धरलं. "घाई करू नको. जरा वेळ राहू दे तो."